आमचा नेव्हिल

फुटबॉलच्या मैदानावर आघाडीला खेळणाऱ्या माणसाचा जमाखर्च मोठा विचित्र असतो. नव्वद मिनिटांच्या खेळात चेंडू त्याच्या पायाशी राहतो तो सारा मिळून फार तर दोन-तीन मिनिटे. उरलेला वेळ तो धावतो, थांबतो, बचावपटूंचे खांदे आणि कोपरे सोसतो, आणि वाट पाहतो. मागच्या फळीतल्या गड्याने दहा वेळा चेंडू परतवला तर दहाही वेळा टाळ्या पडतात. आघाडीच्या गड्याने नऊ वेळा जिवाचे रान केले आणि गोल झाला नाही, तर ते नऊही प्रयत्न कुणाच्या खाती जमा होत नाहीत. दहाव्या वेळी चेंडू जाळ्यात गेला की मात्र लोक त्याला खांद्यावर घेतात. आणि त्या एका क्षणाखेरीज त्याच्याविषयी बोलण्यासारखे आणखी काही होते, याचा पुढे सर्वांनाच विसर पडतो.

नेव्हिल डिसोझाचे असेच झाले. १९५६ सालच्या डिसेंबर महिन्यातले चार दिवस, आणि त्या चार दिवसांतले चार गोल, एवढ्यावर त्याची सारी कारकीर्द जगाने आवरून ठेवली आहे.

त्या चार दिवसांचे वर्णन प्रथम करतो, कारण वाचकांपैकी तरुण मंडळींच्या कानावर ते आले असेलच असे नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिम्पिक पार्क मैदानावर उपान्त्यपूर्व फेरीत भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला नेव्हिलने भारताला पुन्हा पुढे नेले. मध्यंतराआधी मॉरोने पुन्हा बरोबरी केली. दुसरा डाव सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटे होतात न होतात तोच नेव्हिलचा तिसरा गोल झाला. शेवटी शेवटी कृष्णस्वामी, ज्याला सारे किट्टू म्हणत, त्याने चौथा गोल केला आणि भारताने ४-२ असा सामना जिंकला. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. ऑलिम्पिकच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश.

४ डिसेंबरला युगोस्लाव्हियाशी सामना झाला. याच युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला अनवाणी खेळणाऱ्या आपल्या संघावर दहा गोल चढवले होते; आपला त्या वेळी एकच झाला होता. मेलबर्नला मात्र दुसऱ्या डावाच्या आरंभी पहिला गोल झाला तो भारताचा, आणि तो करणारा पुन्हा नेव्हिल. काही मिनिटे, अगदी थोडी मिनिटे, आपण ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभे होतो. मग युगोस्लाव्हियाने एकामागून एक चार गोल केले, त्यांतला एक तर आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून गेला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरवले. भारत चौथा आला. त्याहून वर आपण आजवर गेलेलो नाही. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे ठरले, प्रत्येकी चार गोलांचे मानकरी. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि मुंबईच्या मैदानांवरचा आपला नेव्हिल.

हे सारे नशिबाने घडले, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी पडायची होती. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. त्या आक्रमणाच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड या देशांनी तर संपूर्ण ऑलिम्पिकवरच बहिष्कार घातला. एका देशाच्या रक्तपातामुळे दुसऱ्या देशाला वाट मोकळी झाली, हे खरे. पण वाट मोकळी होणे वेगळे आणि त्या वाटेने चालणे वेगळे. ऑस्ट्रेलियाचे खेळाडू आपल्याच अंगणात खेळत होते. तीन वेळा चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला तो बुडापेस्टमधल्या घटनांमुळे नव्हे. आणि ज्यांना तरीही शंका होती त्यांचे समाधान थोड्याच दिवसांत सिडनीला झाले. तेथे झालेल्या मैत्रीच्या सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले.

आमच्या घरी ही बातमी मुंबईहून येणाऱ्या गाडीने आली. वडील नाशिकरोड स्थानकावर जाऊन कुणाचे तरी वाचून झालेले इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन येत. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, तेव्हा अकरा वर्षांचे होते; मी सहा. डिसोझा हे आडनाव पाहून आईने विचारले होते, 'हा आपल्यातला का?' वडील म्हणाले, 'आहे कॅथॉलिक, पण गोव्याकडचा.' त्या 'पण'चा अर्थ मला फार उशिरा कळला. दादांना मात्र तेव्हाही तो कळून घ्यायचा नव्हता. त्यांनी ते कात्रण कापून आपल्या धर्मशिक्षणाच्या वहीत ठेवले, आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चच्या पटांगणात ते सेंटर फॉरवर्ड झाले.

नेव्हिल जन्माला आला १९३२ साली. कुटुंब मूळचे गोव्याचे, खेळ वाढला तो मुंबईत. त्या काळच्या मुंबईचा फुटबॉल म्हणजे कंपन्यांचा फुटबॉल. कूपरेज मैदानावर हारवूड लीगचे सामने होत. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, रेल्वे, बंदर अशा नोकरी देणाऱ्या संस्थांचे संघ त्यात उतरत. ही व्यवस्था आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. खेळाडूला खेळाचा पगार मिळत नसे. त्याला नोकरी मिळे. सकाळी सराव, मग अंघोळ करून कचेरी, सामना असेल त्या दिवशी दुपारी लवकर सुटका. हजेरीपटावर त्याचे नाव कारकून म्हणून लागे. चेंडू पायाला लागणे बंद झाले तरी खुर्ची शाबूत राही, आणि साठीच्या आत-बाहेर भविष्यनिर्वाह निधी हातात पडे. कोकणातून, गोव्यातून, मंगळूरहून आलेल्या कितीतरी कॅथॉलिक तरुणांचे संसार या वाटेने उभे राहिले. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळला. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईने संतोष ट्रॉफी प्रथमच जिंकली, त्या संघात तो होता. पुढे तो कॅल्टेक्सच्या संघात गेला.

कॅल्टेक्सविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. रोव्हर्स कप ही मुंबईची मानाची स्पर्धा, १८९१ साली सुरू झालेली. आरंभीची कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींनीच ती जिंकली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने हा कप प्रथम भारतीय हातांत आणला. मग १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद पोलीस संघाने तो सोडला नाही. त्या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, मेलबर्नच्या संघाचेही तेच. हैदराबादकर येत, कलकत्तेकर येत आणि कप घेऊन जात. मुंबईकर प्रेक्षक आपल्याच मैदानावर टाळ्या वाजवून घरी जात. १९५८ साली कॅल्टेक्सने कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून हा कप मुंबईत ठेवला. तेल विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीतली माणसे! कचेरीतला फुटबॉल म्हणजे फावल्या वेळचा चाळा, असे समजणाऱ्यांनी हे वर्ष ध्यानात ठेवावे.

दादांची गोष्ट याच व्यवस्थेच्या एका लहानशा फांदीची. नाशिकरोडच्या एका कारखान्यात ते चिकटले तेच मुळी फुटबॉलमुळे. देवळालीच्या छावणीतले लष्करी संघ, रेल्वेची पोरे, कारखान्यांचे संघ यांच्यात सामने होत. लष्कराचे बचावपटू अंगाने दणकट. दादा शरीराने किरकोळ. त्यांच्याजवळ एकच विद्या होती आणि ती ते कुणालाही फुकट शिकवीत. चेंडू अडवायला आलेल्या माणसाचा कोणता पाय जमिनीत रोवलेला आहे ते बघायचे, आणि त्याच पायाच्या बाजूने निघायचे. कारण तो पाय उचलून वळायला त्याला एक क्षण लागतो, आणि आपल्याला तेवढाच क्षण हवा असतो. दादा याला 'उभा पाय' म्हणत. मिस्साला जाताना, भाजी आणताना, रस्त्यात कुणीही समोरून आले की ते त्या माणसाचा उभा पाय हेरीत. वहिनी वैतागत.

१९६८ च्या सुमारास मुंबईच्या एका कंपनीने त्यांना चाचणीसाठी बोलावले होते. ते गेले नाहीत. वडील गेलेले, माझे शिक्षण चालू, बहिणीचे लग्न ठरलेले. कारखान्यातली नोकरी सोडून मुंबईत कुणाच्या तरी खोलीवर पथारी पसरायची आणि निवड झाली नाही तर काय, या प्रश्नाला आमच्या घरात कुणापाशी उत्तर नव्हते. पुढे आठ वर्षे ते नाशिकच्याच मैदानांवर खेळले. मग एका सामन्यात गुडघा गेला. कारखान्यातली खुर्ची मात्र तीस वर्षे टिकली. मी शिक्षक झालो तो त्या खुर्चीच्या पगारावर. हे वाक्य लिहिताना माझा हात क्षणभर थांबला; पण ते लिहायलाच हवे, कारण नेव्हिलसारख्यांच्या कारकिर्दीविषयी हळहळ व्यक्त करताना आपण कुणाच्या जिवावर हळहळतो आहोत हे माझ्यासारख्याने तरी विसरता कामा नये.

आता थोडे दूरदेशी जाऊ या. माझा भाचा काही वर्षे नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये होता. त्याच्याकडून मला एका डच आघाडीपटूची कथा कळली, आणि मी तिच्यामागे लागून मिळेल ते वाचले. हॉलंडचा फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर क्रॉइफ येतो, व्हान बास्टेन येतो. ही कथा त्यांच्या आधीच्या पिढीची आहे. त्याचे नाव आबे लेन्स्ट्रा. आपल्या कानाला ते आबासारखे लागते, आणि त्याच्या गावचे लोक त्याला हाक मारीत तीही घरगुतीच, 'उस आबे', म्हणजे 'आमचा आबे'. ही भाषा डच नव्हे. उत्तरेकडच्या फ्रिसलंड प्रांताची ती स्वतःची वेगळी भाषा आहे.

आबे जन्मला १९२० साली हीरेनव्हेन या छोट्या गावात. किशोरवयातच तो गावच्या संघात आला आणि दीड तपाहून अधिक काळ तेथेच खेळला. हा माणूस पोटासाठी काय करीत होता? नगरपालिकेत नोकरी. नेदरलँड्समध्ये तेव्हा खेळासाठी पैसे घेणे निषिद्ध होते. ज्यांना पैसे हवेत त्यांनी देश सोडावा. फास विल्केस हा रॉटरडॅमचा असामान्य आघाडीपटू १९४९ साली इटलीच्या इंटर मिलान संघात गेला, तर त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला राष्ट्रीय संघाचे दार बंद केले. ते १९५५ पर्यंत उघडले नाही. मधली वर्षे गमावूनही विल्केसने देशासाठी ३५ गोल केले, आणि तो उच्चांक मोडायला १९९८ साल उजाडावे लागले. आबेलाही इटलीहून बोलावणी आली. तो गेला नाही. नगरपालिकेच्या कचेरीत आणि गावच्या मैदानावर त्याचे बरे चालले होते. १९५० साली अॅम्स्टरडॅमचा बलाढ्य आयाक्स संघ हीरेनव्हेनला आला, ५-१ असा पुढे गेला, आणि अखेर ६-५ असा हरून परतला. त्या गावातली म्हातारी माणसे त्या सामन्याचा विषय निघाला की अजून जेवण विसरतात, असे भाचा सांगतो.

१९५३ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर समुद्र घुसला आणि अठराशेहून अधिक माणसे बुडाली. पूरग्रस्तांच्या मदतीसाठी मार्च महिन्यात पॅरिसला एक सामना झाला. देशाने वाळीत टाकलेले, परदेशी पैसे घेऊन खेळणारे डच खेळाडू एकत्र आले आणि त्यांनी फ्रान्सच्या संघाला २-१ असे हरवले. आपलीच पण नाकारलेली मुले आपल्या बुडालेल्या माणसांसाठी खेळताहेत, हे पाहून लोकांचे मन पालटले. १९५४ साली तेथे व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाली. आबे तेव्हा चौतिशीच्या घरात होता. तो एन्शेडे शहराच्या संघात गेला. आणि मार्च १९५६ मध्ये, म्हणजे मेलबर्नच्या आधी काही महिने, नेदरलँड्सने विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवले. दोन्ही गोल आबेचे. वय ३५. त्याच वर्षाअखेर त्याच्या देशाने हंगेरीसाठी ऑलिम्पिककडे पाठ फिरवली, आणि हंगेरीच्याच न येण्याने मोकळ्या झालेल्या वाटेने मुंबईचा एक कारकून मेलबर्नच्या मैदानात उतरला. इतिहासाची ही वीण कुणी मुद्दाम घातलेली नाही. तरी मला ती पुन्हा पुन्हा उलगडून पाहावीशी वाटते.

दोघेही आघाडीचे खेळाडू आणि दोघेही नोकरदार, पण पुढे जे झाले त्यात फार अंतर आहे. आबे १९५९ पर्यंत देशासाठी खेळला. ४७ सामने, ३३ गोल. १९७७ साली त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि उरलेली वर्षे त्याने चाकांच्या खुर्चीवर काढली. १९८५ साली तो वारला. पुढच्याच वर्षी गावाने आपल्या मैदानाला त्याचे नाव दिले. १९९४ साली नवे मोठे मैदान बांधले, त्यालाही तेच. आमचा नेव्हिल १९८० च्या मार्च महिन्यात गेला, वयाची ४८ वर्षेही पुरी न होता. आज वांद्र्याला मुंबईच्या फुटबॉल संघटनेचे कृत्रिम हिरवळीचे मैदान आहे, त्याला नेव्हिल डिसोझाचे नाव आहे. चांगली गोष्ट झाली. पण मैदानावर ते नाव लागेपर्यंत त्याचा खेळ पाहिलेली बहुतेक माणसे जगातून निघून गेली होती.

हे असे का व्हावे? आपल्या देशात क्रिकेटने इतर खेळांना झाकोळले, हे नेहमीचे उत्तर. ते मला अपुरे वाटते. हीरेनव्हेनने आबेला 'आमचा' म्हटले. नेव्हिलला 'आमचा' म्हणणारे कोण होते? गोव्याच्या लेखी तो मुंबईकर. मुंबईच्या मराठी माणसाच्या लेखी तो इंग्रजी बोलणारा, विलायती नावाचा कुणी साहेब. आणि आम्ही, संगमनेर-राहुरीकडून नाशिकला येऊन स्थिरावलेले मराठी कॅथॉलिक? आमच्या लेखी तो 'कॅथॉलिक, पण गोव्याकडचा'. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या आपल्या लोकांत भाषेची, गावाची आणि आणखीही कशाकशाची किती कुंपणे आहेत, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी नव्याने काय सांगू? वसईकरांचे वेगळे, गोवेकरांचे वेगळे, नगर-नाशिककरांचे वेगळे. चार गोल करणारा माणूस या कुंपणांमधल्या बोळात उभा राहिला, आणि प्रत्येकाला तो शेजाऱ्याचा वाटला. दादांच्या वहीतले ते कात्रण म्हणूनच मला मोलाचे वाटते. अकरा वर्षांच्या पोराने विचारलेच नाही, हा कुणाकडचा.

हा सारा विषय माझ्या मनात यंदा जागा झाला तो दादांच्या नातवामुळे. पोरगा सोळा वर्षांचा. तोही आघाडीला खेळतो. २०२४ साली प्रशिक्षक रहीम यांच्यावरचा 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हापासून आजोबांच्या जुन्या गोष्टी तो कान देऊन ऐकू लागला. दहावीला गुण उत्तम पडले. त्याच सुमारास मुंबईच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली. तिथे राहायचे तर विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके जमणार नाहीत, वाणिज्य घ्यावे लागणार. सूनबाई रडल्या. त्यांची चूक नाही. त्यांनी मुलाला अभियंता झालेला पाहायचे मनाशी योजले होते, आणि त्यासाठी दोन वर्षे शिकवणीचे पैसे बाजूला टाकले होते.

घरातला शिक्षक म्हणून मला मध्यस्थ बसवले. मी कागद घेऊन मांडणी करून पाहिली. नेव्हिलला, दादांना जी खुर्ची मिळाली ती आज कुठे आहे? रोव्हर्स कप या शतकाच्या आरंभी बंद पडला. मुंबईच्या कंपन्यांचे संघ एकेक करून मिटले. महिंद्रा युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघदेखील २०१० साली विसर्जित झाला. त्या जागी व्यावसायिक फुटबॉल आला. १९९६ ची राष्ट्रीय लीग, २००७ ची आय-लीग, २०१४ ची इंडियन सुपर लीग. मोजक्या मुलांना यात असा पैसा मिळाला की दादांनी तो तीस वर्षांतही पाहिला नाही. उरलेल्यांना पंचविशीत घरी यावे लागते, आणि घरी आल्यावर टेबलामागे खुर्ची नसते. नेदरलँड्सने एक व्यवस्था मोडली तेव्हा दुसरी उभी केली. गावोगावी क्लब, प्रत्येक क्लबात मुलांचे वर्ग. आपण जुनी मोडली, आणि नवी वरच्या मजल्यापासून बांधायला घेतली. हे मी घरच्यांना सांगितले. मुलाचे स्वप्न वगैरे शब्द मी वापरले नाहीत. ज्या घरात एका माणसाने चाचणीचे पत्र घडी करून ठेवले होते, त्या घरात ते शब्द वापरायला मला धीर झाला नाही.

दादा सगळे ऐकत होते. ऐंशी वर्षांचे, एक पाय लांब करून बसलेले. मुलाची आई मला म्हणाली, 'काका, तुम्हीच सांगा ना यांना, तुम्हालाही नोकरीच उपयोगी पडली की नाही?' प्रश्न दादांना होता, पण विचारला मला. दादा म्हणाले, 'पडली. कुणाला किती पडली ते हा सांगेल.' आणि माझ्याकडे बोट केले. मग बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी दादांनीच ठरवले. दोन वर्षे जाऊ दे. बारावीची परीक्षा द्यायचीच, ती चुकवली तर परत यायचे. दोन वर्षांचा खर्च आपल्या साठवणीतून. सूनबाईंनी अट घातली की रोज रात्री फोन झाला पाहिजे. त्या अजूनही राजी नाहीत. पण त्यांनी मुलाची ट्रंक स्वतःच्या हाताने भरली, आणि तळाशी गणिताचे पुस्तक घातले.

ऑगस्टमध्ये त्याच्या संघाचा एक सामना वांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर झाला. त्या रात्री फोन आला तेव्हा मी दादांकडेच जेवायला होतो. मैदानाचे नाव त्याने आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे दादा संध्याकाळपासून अस्वस्थ होते. सामना २-० असा हरले होते. आमच्या पोराला दुसऱ्या डावात विसाव्या मिनिटाला बाहेर काढले. त्याचा आवाज पडलेला. समोरचा बचावपटू एकदाही हलला नाही, असे तो म्हणाला. मला वाटले, दादा आता समजूत घालतील, नेव्हिलचे नाव काढतील, मेलबर्नचे काहीतरी सांगतील. दादांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि विचारले, 'त्याचा उभा पाय कोणता होता?'

पलीकडे शांतता. 'पाहिला नाही, आजोबा.'

'मग काय पाहिलेस साठ-पासष्ट मिनिटे?' असे म्हणून दादांनी ताट बाजूला सरकवले आणि टेबलावर मिठाची वाटी, पाण्याचा पेला आणि लिंबाची फोड मांडली, जणू पोराला ती दिसत होती. मग ते बोलत राहिले. वहिनींनी दोनदा सांगितले की भाकरी निवते आहे. मी माझे जेवण उरकले, हात धुऊन आलो, तरी लिंबाची फोड वाटीच्या उजव्या बाजूने जात होती, आणि पलीकडून अधूनमधून 'हो', 'हो आजोबा' असे ऐकू येत होते.